ओली कड

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. वाचतो आणि मनात म्हणतो — अहो, पाइप गळत असेल, उंदीर असेल, ॲसिडिटी असेल. माझी नोकरीच तशी आहे. घाटकोपरच्या एका कॉलेजात फिजिक्स लॅबमध्ये एकतीस वर्षं सहायक आहे. मुलांचं रीडिंग चुकलं की "परत घे" म्हणायचं, हे माझं काम. घरात देवाला हात जोडतो तेही बायकोला बरं वाटावं म्हणून. त्यामुळे खालचं कुणाला पटलं नाही तर माझी काही तक्रार नाही. मलाच पटायला वेळ लागला. पण यातला जो भाग मी स्वतः केला, तो शंभर टक्के खरा आहे, आणि तो मी गेल्या वर्षापर्यंत बायकोलाही सांगितला नव्हता. नावं बदलली आहेत. माझं लिहीतच नाही.

मला जुन्या परदेशी सिनेमासिकांतली चित्रं जमवायचा नाद आहे. वय छप्पन्न, नाद कॉलेजपासूनचा. कुठल्या कुठल्या वाचनालयांतून बाद झालेले, बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी आणलेले, मग वर्षानुवर्षं माळ्यावर पडून शेवटी रद्दीत आलेले अंक. मला त्यातली एकही भाषा येत नाही. चित्रं बघायची, जपून काढायची, आम्लमुक्त पुठ्ठ्यावर लावून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायची. मुलुंडच्या घरात एक पूर्ण स्टीलचं कपाट त्याचं आहे. किल्ली माझ्या पाकिटात असते.

पूर्व युरोपातल्या एका मासिकाने एका वर्षी बारा अंकांत बारा नट्यांची पानभर चित्रं छापली होती. माझ्याकडे अकरा होती. ऑगस्टचं नव्हतं. हे ज्याला नाद नाही त्याला सांगून कळणार नाही... बारावी जागा मी फाइलमध्ये रिकामी ठेवली होती, आणि फाइल उघडली की अकरा सोडून तेवढीच दिसायची.

एक दिवस माझ्या ओळखीचा रद्दीवाला म्हणाला, "साहेब, चारकोपात एक आजी आहेत. त्यांच्याकडे तुमच्या टाइपचं बांधलेलं बाड आहे. विकत नाहीत, पण तुम्हाला दाखवतील." मी त्याच रविवारी कांदिवली गाठली.

त्या इंदूमावशी. मूळच्या मालवणकडच्या, आईवडिलांबरोबर मुंबईत आलेल्या, लग्नानंतर गिरगावात, नवरा गिरणीत. तो वारल्यावर मुलगा सुनील, सून मधुरा आणि नात तन्वी यांच्याबरोबर चारकोपला. परक्यांशी त्या आपल्यासारखंच शहरी मराठी बोलायच्या, पण माणूस आवडला की मालवणीवर यायच्या. माझ्याशी दुसऱ्या भेटीतच आल्या. मला 'झिला' म्हणायच्या — मुला. माझी आई मी नववीत असताना गेली. त्यानंतर मला कुणी असं हाक मारलेलं नव्हतं.

बाड म्हणजे पाच-सहा अंक एकत्र शिवून लाल रेक्झिनमध्ये बांधलेले. त्याच दुसऱ्या भेटीत मावशींनी ते मांडीवर घेतलं आणि एक पान उघडलं. स्टुडिओत चाललेल्या नाचाचा फोटो. आपल्याकडचाच सिनेमा, तिकडच्या कुठल्याशा महोत्सवाला गेलेला. पुढे नायिका, मागे तीन रांगांत मुली.

"डाव्या बाजूक बघ. तिसऱ्या रांगेत. कळशी घेतलेला चेडू दिसता? तां मी."

एकोणीस वर्षांची पोरगी. कमरेवर कळशी, मान किंचित वळलेली, आणि सगळ्या मुलींमध्ये तीच एक हसत नव्हती. मावशी लग्नाआधी दीड वर्ष ग्रुप डान्सर होत्या. या सिनेमातली त्यांची रांगच पुढे कापली गेली, आणि पुढे सिनेमाची प्रिंटही कुणाकडे राहिली नाही. स्टुडिओतल्या फोटोग्राफरने हा अंक त्यांना आणून दिला होता. सासरी हा विषय काढायची सोय नव्हती. नवऱ्याने मात्र गुपचूप, अंक हरवू नये म्हणून, रद्दीतले आणखी चार-पाच अंक घालून ते बाड बांधून घेतलं होतं. ट्रंकेच्या तळाशी पन्नास वर्षं. मुलानेसुद्धा बघितलेलं नव्हतं. नवरा गेल्यावर तो फोटो बघितलेला जिवंत माणूस मी एकटा. मावशींनी हे मला हसत सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा.

मी पान उलटलं. मागे ऑगस्टची नटी होती.

माझा चेहरा त्यांनी बघितला असणार. मी बदल्यात काय काय देऊ केलं — त्या पानाची उत्तम कॉपी, तीही फ्रेम करून. त्या हसल्या. "तुका व्हयी ती माझ्या पाठीवरची बाई. माका ठाऊक आसा. मी मेल्यावर घेवन जा. तवसर नाय."

मी वर्षभर जात राहिलो. खरं सांगतो, नुसत्या पानासाठी नाही. गप्पा आवडायच्या. त्या काळातल्या स्टुडिओतल्या गमती, रंगपटात कोण कुणाशी भांडलं, कोणाची वेणी नाचताना सुटून पडली...

एकदा त्यांना जुन्या पाककृतींच्या वहीतलं एक पान तन्वीसाठी अलगद काढायचं होतं. मी ऐटीत म्हणालो, "मावशी, ब्लेड नको. दोरा लावू." आमच्या जमवणाऱ्यांतली ही युक्ती. सुती दोरा पाण्यात भिजवायचा, निथळवायचा, पान जिथे शिलाईत जातं तिथे मुळाशी ठेवायचा, वही मिटायची आणि वर वजन ठेवायचं. पाऊण तासात कागद तेवढ्या रेघेवर इतका मऊ होतो की पान नुसतं उचललं की हातात येतं. आवाज होत नाही. ब्लेडची कड सरळ राहते, कुणालाही कळते. दोऱ्याची कड कापसासारखी पिंजलेली दिसते. बघणाऱ्याला वाटतं, जुनं झालं, गळलं.

मावशींना भारी मजा वाटली. "चोराची इद्या मरे ही!" म्हणाल्या.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी, एका दुपारी, घरात त्या एकट्याच होत्या. मला म्हणाल्या, "बस, घावणे घालतंय." त्या आत गेल्या. बाड माझ्यापुढे होतं. दोरा मी खिशात घालून आणला होता... म्हणजे अचानक मोह झाला वगैरे नाही. पाण्याचा पेला त्यांनीच दिलेला.

दोरा लावून मी बाड मिटलं आणि सोफ्यावर शेजारी ठेवलं. वजन पाहिजे होतं. मावशी घावणे आणि चहा घेऊन आल्या तेव्हा मी ताटली हातात घेतली, त्या बाडावर ठेवली, आणि कोपरही. तसाच पाऊण तास बसलो. चार घावणे खाल्ले. नारळाचा रस होता सोबत. त्या वाढत होत्या, मी "बस, बस" म्हणत होतो. त्या हात धुवायला उठल्या तेव्हा पान काढून बॅगेतल्या पेपरात घातलं.

घरी आल्यावर ते फाइलमध्ये लावलं. नटी वर, दुसरी बाजू पुठ्ठ्याकडे. बारा पूर्ण झाली. मावशींना मी भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

चार महिन्यांनी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस झाला. चारकोपच्या त्या दोन खोल्यांत वीसेक माणसं. गोरेगावहून त्यांचे दीर आले होते, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. मला मावशींनी दोनदा फोन करून बोलावलं होतं. का, ते तिथे कळलं. त्यांनी ठरवलं होतं की आता घाबरायला कुणी उरलं नाही, तर आज सगळ्यांना तो फोटो दाखवायचा. जांभळी साडी नेसल्या होत्या. बाड मांडीवर.

"मी लग्नाआधी सिनेमात नाचायची," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "परदेशातल्या मासिकात फोटो आलेला माझा."

दीर म्हणाले, "वैनी, काय सांगतेस! आम्ही तर तुला रॉकेलच्या लाइनीतच बघितली!"

हशा झाला. मावशीही हसल्या आणि पानं उलटायला लागल्या. पुढे गेल्या. मागे आल्या. परत पुढे. तन्वी मोबाइल धरून व्हिडिओ काढत होती, तिने हळूच हात खाली घेतला. मग मावशींचा अंगठा एका जागी थांबला. दोन पानांच्या मधल्या खाचेत तो त्यांनी वरपासून खालपर्यंत फिरवला, सावकाश.

मग माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता.

"झिला, तू बघितलंलंस ना? सांग त्यांका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी — एकतीस वर्षं पोरांना 'जे दिसतं तेच वहीत लिही' सांगणारा मी — म्हणालो, "मला... नीट आठवत नाही, मावशी. मी इतके अंक बघतो. दुसऱ्या कुठल्या अंकात असेल."

"घ्या! साक्षीदार फुटला!" दीर म्हणाले. पुन्हा हशा.

सुनील हलक्या आवाजात म्हणाला, "आई, जाऊ दे गं. केक कापूया?"

त्यांनी बाड मिटलं आणि केक कापला. मला पहिला तुकडा दिला.

मी परत गेलो नाही. फोन आले, उचलले नाहीत. मग यायचे बंद झाले.

आता तो दुसरा भाग.

वाढदिवसानंतर दोनेक आठवड्यांनी, दुपारी साडेचारच्या सुमारास कपाट उघडलं. चित्रं काढायची राहिलेल्या एका बांधीव व्हॉल्यूमच्या वर एक सुटं पान पडलेलं. त्याच व्हॉल्यूममधलं. उलटं. कड पिंजलेली, आणि हात लावला तर ओली.

मी रेवतीवर, म्हणजे बायकोवर, ओरडलो. ती पोळ्यांचं पीठ मळत होती, तशीच बाहेर आली. "तुमच्या त्या कपाटाला मी हात लावीन? मला काय दुसरी कामं नाहीत? आणि किल्ली कुणाच्या खिशात असते?"

पुढच्या आठवड्यात दुसरं पान. मग तिसरं. लॅबमधला माणूस काय करणार? मी कपाटात दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर ठेवला. सिलिका जेलच्या निळ्या खड्यांच्या पुड्या ठेवल्या. दमट हवेत हे खडे गुलाबी होतात. दारावर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर सही केली. सुट्टीच्या दिवशी अडीचला उघडून बघायचो, पट्टी बदलायचो, चारला परत बघायचो. पट्टी शाबूत. खडे निळेच्या निळे. हायग्रोमीटरचा काटा जागचा हललेला नाही. आणि आत एक पान सुटून पडलेलं, कड ओली. अडीच ते चारच्या मध्येच केव्हातरी. अकरा महिन्यांत एकोणीस पानं.

आणि प्रत्येक पान उलटं. मी ज्या चेहऱ्यासाठी ते जमवलं होतं तो चेहरा खाली, आणि मी आयुष्यात कधी न बघितलेली मागची बाजू वर. कुठे साबणाची जाहिरात, कुठे सेटवर दिवे धरून उभे असलेले कामगार, कुठे रांगेत उभ्या मुली. नाव कुणाचंच नाही.

मला तोपर्यंत कळलं होतं, पण मी स्वतःला कळू देत नव्हतो.

मग एका शुक्रवारी मी बारा चित्रांची फाइल काढली. ती पाकिटं उष्णता देऊन बंद केलेली असतात, कापल्याशिवाय उघडत नाहीत. अकरा नट्या वर बघत होत्या. बाराव्या पाकिटात नाचणाऱ्या मुलींचा फोटो वर होता. पाकीट बंद. डाव्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, कळशी. आणि प्लास्टिकच्या आतून, पानाच्या कडेला, दवासारखे बारीक थेंब.

त्या संध्याकाळी मी रेवतीला सगळं सांगितलं. तिने फाइल मिटली. मग म्हणाली, "पान सोडा. तुम्ही त्या बाईला वीस माणसांत खोटं पाडलंत." आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, चारकोपला गेलो. दार मधुराने उघडलं. "काका! किती महिन्यांनी! या. आईंना आता दिसत नाही फारसं. डोळ्यांचं खूप वाढलं. आवाजावरून ओळखतील."

तीन वाजत आले होते. मावशी पलंगावर बसल्या होत्या. मांडीवर ते लाल बाड, शेजारी स्टीलच्या वाटीत पाणी. त्या वाटीतून पांढरा दोरा काढून बोटांनी निथळवत होत्या.

मी दारातच थांबलो. मधुरा हळू आवाजात म्हणाली, "रोज तीन वाजता हेच. वाढदिवसानंतर दोनेक आठवड्यांनी सुरू झालं. दोरा भिजवतात, पुस्तकात घालतात, वर माझी तूरडाळीची बरणी ठेवतात. तासाभराने काढतात. पान काही निघत नाही, कारण जिथे पान नाहीच तिथे दोरा घालतात ना. विचारलं तर म्हणतात, 'पान सोडवतंय.' डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं, बोलू नका त्यांना काही."

मी आत गेलो. सुनीलही घरी होता, तन्वीही. मी बॅगेतून पाकीट काढलं, कापलं, आणि उभ्यानेच सांगितलं. दोरा, ताटली, घावणे, सगळं. "मी फोटो बघितला होता. मीच नेला. वाढदिवसाला मी खोटं बोललो."

सुनील खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "तेव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं? अहो, मी आईला डॉक्टरकडे नेली. मी तिला म्हटलं, आई, तू मनाचं सांगतेस, असा फोटो नाहीच आहे. मी म्हटलं तिला!" तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

तन्वीने पान माझ्या हातातून घेतलं. "आजी... ही तूच गं! कळशीवाली. अगं, माझ्यासारखं नाक आहे हिचं! मम्मी, बघ ना!"

मधुरा बघत राहिली, मग तिने पदर डोळ्यांना लावला. मावशी सगळ्या आवाजांकडे तोंड करून शांत बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. तन्वीने पान हातात दिलं. त्यांना ते दिसणार नव्हतं. मी आणलं तेव्हा बघायचे डोळेच राहिले नव्हते. त्यांनी फोटोवरून हात फिरवला नाही. थेट कड शोधली आणि अंगठा वरून खाली नेला, त्या दिवशी खाचेत नेला होता तसाच.

"झिला," त्या म्हणाल्या, "अजून ओलां आसा."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"ओलां पान बाडात घातलां तर दुसऱ्यांका बुरशी येतली. तुझ्याकडेच ठेव. सुकलां की घेवन ये." आणि पान माझ्याकडे धरलं. मग मधुराला म्हणाल्या, "च्याय ठेव गो त्याका."

त्या दिवसापासून माझ्या कपाटात एकही पान सुटलेलं नाही. मधुरा म्हणते, त्यांनी दोराही परत मागितला नाही. सुनीलने नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली मी स्वतःच्या हाताने कबुलीच्या चार ओळी लिहिल्या. गोरेगावचे दीर मावशींना भेटून गेले म्हणे, पेढे घेऊन.

पण कड सुकत नाही. लॅबच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, तीन दिवस ठेवली. मे महिन्यात खिडकीत, काचेखाली ठेवली. टिपकागद लावला की दर वेळी त्यावर एक रेघ उमटते. मी काही न सांगता एका बाइंडरला ते पान दाखवलं, तर त्याने कडेला हात लावून बोटं शर्टाला पुसली आणि विचारलं, "आत्ता काढलंय का?" बाकीचं पान खडखडीत कोरडं आहे. पन्नास-साठ वर्षांच्या कागदात एवढं पाणी कुठून येतं, मला माहीत नाही. कुणाला शास्त्रीय काही सुचलं तर जरूर लिहा, मी करून बघीन. मला स्वतःला आता काही सुचत नाही.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पान घेऊन चारकोपला जातो. त्या अंगठा फिरवतात, "नाय" म्हणतात, पान परत देतात, मग आम्ही चहा पितो. गेल्या खेपेला घरात आम्ही दोघंच होतो. मी धीर करून विचारलं, "मावशी, त्या दिवशी खाचेत अंगठा फिरवलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना, मीच नेलं ते?"

"दोरो लावूक माका कोणी शिकवल्यान?" त्या म्हणाल्या.

"मग कळूनसुद्धा सगळ्यांसमोर मलाच का विचारलंत?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. बशी चाचपून खाली ठेवली.

"तू सांगशीत म्हणान."